डिंक आपण आणायचा होता

मोठ्या बाई शिबिराहून परत आल्या त्या डोक्यात गटकार्य घेऊनच. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण शाळेत त्यांना दुसरं नाव नाही. त्यांनी आम्हा सगळ्यांना शिक्षकखोलीत बसवलं, भिंतीवर एक भलामोठा तक्ता लावला आणि जाहीर केलं की यापुढे मुलं एकेकटी शिकणार नाहीत, गटाने शिकतील. तक्त्यावर गटात चांगलं काम करणाऱ्या मुलाची लक्षणं होती. तो दुसऱ्याचं ऐकतो, मध्येच बोलत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबतो, वस्तू वाटून घेतो आणि मतभेद शांतपणे मांडतो. मी तक्ता वाचला आणि मनात म्हटलं, या लक्षणांचा माणूस आपल्या शिक्षकखोलीत तरी एकही नाही.

मनात म्हटलं असं मला वाटलं होतं. चित्रकलेचे सर खुदकन हसले, त्या अर्थी तोंडातून निघालं असावं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सातवीचा गटप्रकल्प माझ्या गळ्यात घातला.

मी भाषा शिकवते. प्रकल्प होता पुलाचा. पुठ्ठा, सुतळी आणि डिंक एवढ्याच सामानात पूल करायचा, दोन बाकांच्या मधे तो टेकवायचा आणि प्रदर्शनाच्या दिवशी पालकांसमोर त्यावर वीट ठेवायची. मला समास सोडवता येतो, वृत्त ओळखता येतं. पूल कशाच्या जोरावर उभा राहतो ते मला आजही सांगता येणार नाही. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "पूल महत्त्वाचा नाही हो, गट महत्त्वाचा." मग वीट कशाला ठेवायची, हे मी विचारलं नाही. एका दिवसात एकदाच जीभ सैल सोडावी.

माझ्याकडे होतं व्याकरण, म्हणून मी व्याकरणातून वाट काढली. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आपण. गटात बसलं की 'मी' म्हणायचं नाही, 'तू' म्हणायचं नाही आणि 'आम्ही' तर नाहीच नाही. बोलायचं ते 'आपण'. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक मुलांना आधी शिकवून झाला होता. समोरच्याला बाहेर ठेवून बोलायचं तर 'आम्ही', त्याला आत घेऊन बोलायचं तर 'आपण'. 'आम्ही खेळायला जातोय' म्हटलं की ऐकणारा घरी बसला. 'आपण खेळायला जाऊ' म्हटलं की त्यानेही चपला शोधायच्या. हा धडा मुलांना चटकन कळतो. प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी 'आम्ही' म्हणून घरी बसवलेलं असतंच.

या युक्तीवर मी खूश होते आणि मोठ्या बाई तर इतक्या खूश झाल्या की प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या शाळेला ती सांगितली. खरं तर 'आपण'चा माझा घरचा अनुभव निराळा होता. "न्हाणीघरातला दिवा आपण बदलायला हवा," असं माझा नवरा बरेच दिवस म्हणत होता. न्हाणीघरात बरेच दिवस अंधार होता. पण घरचं शहाणपण शाळेत आठवत नाही, हा माझा जुना घोटाळा.

खिडकीजवळच्या गटात चौघं होती. त्यांतली एक वकील. ही मुलगी शिक्षेवरही अपील करते. ओणवं उभं राहायला सांगितलं तर आधी कारण विचारते आणि कारण पटलं नाही तर तसं सांगते. दुसरा टेकू, कारण तो कशाला तरी टेकल्याशिवाय उभा राहत नाही. भिंत नसेल तर मित्र चालतो. तिसरा भुंगा, सतत गुणगुणणारा, आणि आपण गुणगुणतोय हे त्याच्या गावीही नसतं. आणि चौथी पाहुणी.

पाहुणी वर्षाच्या मधेच आली होती. तिची आई शीतगृहात यंत्रं बसवायची. कुठे नवं शीतगृह बांधलं की ही जायची, यंत्रं बसवायची, थंडावा बरोबर धरला जातोय ना ते बघायची आणि पुढच्या गावाला निघायची. मुलगी बरोबर. घरात दोघीच. त्यामुळे पाहुणीने इतक्या शाळा पाहिल्या होत्या की नव्या वर्गात शिरताना ती बुजली नाही की गोंधळली नाही. डबा उघडून शेजारणीला विचारलं, मागितल्याबरोबर खोडरबर दिलं, भुंग्याची चित्रवही बघून "छान आहे" म्हणाली. पाहुणी हे नाव तिला कोणी चिडवायला ठेवलं नव्हतं. ते आपोआपच पडलं. तीही या नावाला ओ द्यायची.

पुलाचं काम सुरू झालं आणि मोठ्या बाई तक्ता घेऊन वर्गात फिरू लागल्या. प्रत्येक मुलापुढे लक्षणांच्या खुणा करायच्या. पाहुणीला सगळ्या खुणा मिळाल्या. ऐकते, थांबते, वाटून घेते, आवाज चढवत नाही. "बघा," मोठ्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "याला म्हणतात गटकार्य. बाकीच्यांना हिच्याकडून शिकू द्या." वकिलाला जेमतेम एक खूण मिळाली. त्यावरही तिने अपील केलं.

मग एके दिवशी शाळा सुटल्यावर पाहुणीची आई आली. अंगावर कामाचाच सदरा, खिशात पेचकस. ती सातवीच्या बाकावर बसली, गुडघे मावेनात म्हणून आडवी वळली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"बाई, माझं इथलं काम आटोपत आलंय. आता पुढचं गाव. माझी बहीण इथेच असते, ती म्हणते पोरीला माझ्याकडे ठेव, दहावी होऊ दे एका जागी. मला काही ठरवता येत नाही."

"तिला विचारलंत?"

"विचारलं ना. म्हणते, आई, तू म्हणशील तसं. दर वेळी हेच म्हणते. गादी कुठे घालू, तू म्हणशील तिथे. तिला काय हवंय तेच कळत नाही." तिने खिशातला पेचकस चाचपला. "इथे ती रुळली असेल तर ठेवते. मनावर दगड ठेवीन, पण ठेवीन. आणि नुसती दिवस ढकलत असेल तर घेऊन जाते. एकटीच राहायचं तर माझ्याजवळ तरी राहील. तुम्ही रोज बघता तिला. तुम्ही सांगा."

"मी?"

"प्रदर्शनापर्यंत सांगा. मग मला कळवावं लागेल कंपनीला."

ती गेली आणि मी तशीच बसून राहिले. मला राग आला होता. समास विचारा, वृत्त विचारा. एका आईने मुलगी ठेवावी की न्यावी, हे मी कोण सांगणार? आणि राग ओसरल्यावर त्याच्याखाली नुसती भीती निघाली. मी जे म्हणेन ते ती बाई करणार होती. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाहुणीवर डोळा ठेवला आणि जितकं बघावं तितका माझा गोंधळ वाढत गेला. ती हसत होती. काम करत होती. टेकू तिच्या खांद्याला टेकला तर ती सरकत नव्हती. भुंगा गुणगुणायला लागला की वकील त्याला कोपर मारायची. पाहुणी कधी मारायची नाही. हे रुळणं की काय, मला सांगता येईना. मोठ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, ती तर आदर्श! विचारायचं काय त्यात?" नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आपण जरा थांबून बघायला हवं." म्हणजे काय करायचं ते माझं मीच.

शेवटी मी तिघांना पाणी प्यायच्या सुट्टीत गाठलं. म्हटलं, "तुमच्या गटातली नवी मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे," टेकू नळाला टेकून म्हणाला.

"चांगली म्हणजे कशी?"

"म्हणजे..." त्याने भुंग्याकडे पाहिलं. भुंगा म्हणाला, "चांगली आहे, बाई."

वकील एरवी साध्या प्रश्नाला तीन उत्तरं देते. ती जरा विचारात पडली. "ती काहीच वाईट करत नाही," ती म्हणाली आणि मग वैतागून, "कधीच!"

ही तक्रार होती की कौतुक, मला उमगलं नाही. मी वर्गात जाऊन पुन्हा त्यांच्या बाकामागे उभी राहिले. पुलाच्या दोन बाजू उभ्या झाल्या होत्या आणि मधे पुठ्ठ्याची पट्टी आडवी टाकली होती. वकील म्हणत होती, "आपण इथे सुतळी बांधू." टेकू म्हणत होता, "आपण जरा दम खाऊ." पाहुणी कात्री पुढे करून म्हणाली, "छान होतोय तुमचा पूल."

मी तेव्हा ते ऐकलं आणि सोडून दिलं. चूक व्याकरणाची नव्हती. माझ्या नियमात 'मी', 'तू' आणि 'आम्ही' बंद होतं. 'तुमचा' बंद करायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण तो शब्द दिवसभर माझ्या कानात राहिला, आणि घरी जाताना मी ठरवलं की तिच्या आईला सांगायचं, घेऊन जा. रात्री जेवताना पुन्हा वाटलं, एवढ्या एका शब्दावर? भाषा शिकवणाऱ्या बाईला प्रत्येक गोष्टीत शब्दच दिसणार. सकाळी ठरवलं, ठेवा म्हणायचं. शाळेच्या फाटकापर्यंत तेही टिकलं नाही.

अशा डळमळीत अवस्थेतच प्रदर्शनाचा आदला दिवस उजाडला. त्या दिवशी सगळे सुटे भाग डिंकाने चिकटवायचे होते. मी वर्गात शिरले तेव्हा सगळे गट कामाला लागले होते आणि खिडकीजवळची चौघं हाताची घडी घालून बसली होती.

"काय झालं?"

"डिंक नाही, बाई," भुंगा म्हणाला.

"का नाही? काल ठरलं नव्हतं?"

"ठरलं होतं ना," वकील म्हणाली. "मी स्वतः म्हटलं होतं, उद्या आपण डिंक आणू. सगळे हो म्हणाले."

"मग?"

"मग आपण आणला नाही," टेकू म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. चौघंही माझ्या नियमाला धरून बोलली होती. चौघांनीही मान डोलावली होती. आणि चौघंही निश्चिंत मनाने हात हलवत शाळेत आली होती. मला न्हाणीघर आठवलं.

तेवढ्यात पाहुणी म्हणाली, "चुकलं माझं. मी आणायला हवा होता. सॉरी." तिचा आवाज अगदी नेहमीसारखा, गोड.

आणि वकील भडकली. मी तिला पुष्कळदा वाद घालताना पाहिलं आहे, पण अशी भडकलेली कधी पाहिली नव्हती. तिचे कान लाल झाले.

"तू का सॉरी म्हणतेस? तुझं काय चुकलं? दर वेळी तूच सॉरी! कात्री हरवली, सॉरी. याने पाणी सांडलं, तरी तू सॉरी! तुला काय, तुला काही पडलेलीच नाहीये! तू जाणारच आहेस!"

सगळा वर्ग गप्प झाला. भुंगासुद्धा. तक्त्याप्रमाणे मी आता पुढे होऊन मतभेद शांतपणे मांडायला लावायला हवे होते. मी पुढे झाले नाही. त्यामागे काही विचार होता म्हणाल तर मुळीच नव्हता. पुढे जाऊन काय बोलायचं ते मला सुचेना, म्हणून मी कपाटाचं दार उघडून आत खडू शोधायला लागले.

"मला कोण सांगितलं मी जाणार ते?" पाहुणीचा आवाज आता वेगळा होता. वाक्यही उलटंपालटं. "कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? दिसतं ना! तू कधी भांडत नाहीस. तुला पूल आवडला का विचारलं तर छान. मोडला तरी म्हणशील छान!"

"छान नाहीये!" पाहुणी ओरडली. मी कपाटातून डोकं बाहेर काढलं. "अजिबात छान नाहीये! वाकणार आहे तो! वीट ठेवली की मधे वाकणार आणि खाली येणार. पुठ्ठा आडवा ठेवलाय तुम्ही. आडवा पुठ्ठा वाकतोच! उभा लावायचा असतो, धारेवर! मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे!"

"पहिल्या दिवसापासून?" टेकू भिंतीपासून सुटला. मी त्याला पहिल्यांदाच कशालाही न टेकता उभा पाहिला. "मग बोलली का नाहीस?"

"कारण तुमचा होता!"

पाहुणीचं नाक वाहायला लागलं होतं आणि ती ते बाहीने पुसत होती. वकील तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"इतके दिवस आम्ही वेड्यासारखं कापत-बांधत बसलो आणि तू बघत बसलीस?"

"हो!"

"मूर्ख आहेस तू!"

"तू जास्त मूर्ख! डिंक पण आणला नाहीस!"

"तू पण नाही आणलास!"

मोठ्या बाई नेमक्या तेव्हाच दारात आल्या. हातात तक्ता, पाठोपाठ शिपाई. त्यांनी आतला कल्लोळ पाहिला, पाहुणीचं वाहतं नाक पाहिलं आणि मला विचारलं, "हे काय चाललंय?"

"गटकार्य," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी पाहुणीच्या नावापुढच्या बऱ्याचशा खुणा तिथल्या तिथे खोडल्या. खोडताना त्यांना वाईट वाटत होतं, हे मी पाहिलं. "एवढी गुणी मुलगी," त्या म्हणाल्या, "वाण नाही पण गुण लागला." मग माझ्याकडे असं पाहिलं की तो गुण माझाच असावा.

खिडकीशी तोवर पूल फाडायला सुरुवात झाली होती. कोणी ठरवलं, कोणी सांगितलं, माझ्या लक्षात आलं नाही. डिंक नव्हताच. पाहुणीने पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना खाचा पाडल्या आणि खाचेत खाच बसवून पट्ट्या उभ्या केल्या. तिच्या आईच्या कामात यंत्राखालचा पाया असाच करतात म्हणे. वकील म्हणाली, खाच खोल आहे. पाहुणी म्हणाली, नाही. वकील म्हणाली, आहे. मोजून बघितली तर होती. पाहुणीने तिला जीभ दाखवली आणि दुसरी पट्टी घेतली. माझा नियम हवेत विरला होता. "तू धर." "मी नाही, तू धर." "याला सांग आधी तोंड बंद कर." सगळं 'मी' आणि 'तू'. संध्याकाळपर्यंत चौघं भांडत होती आणि घरी जातानाही एकमेकांशी बोलली नाहीत.

मग आता काय सांगायचं तिच्या आईला? तक्त्याप्रमाणे मुलगी बिघडली होती. शांत होती ती भांडखोर झाली होती. कालपर्यंत सगळ्यांशी गोड, आज कट्टी. रुळली म्हणावं तर हे असं रुळणं असतं? आणि नाही म्हणावं तर... नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. ती बाहीने नाक पुसत ओरडत होती तेव्हा मला तिच्याबद्दल जी माया वाटली, ती तिने खोडरबर दिलं तेव्हा कधीच वाटली नव्हती. पण माझ्या मायेवर त्या बाईने मुलगी ठेवायची का?

प्रदर्शनाच्या दिवशी वर्गात पालकांची ही गर्दी. पाहुणीची आई कामावरून थेट आली होती. मुलगी डबा आणि पाण्याची बाटली घरीच विसरली होती, ते दोन्ही आईने सकाळीच बरोबर घेतलं होतं. डबा तिने मुलीला दिला आणि बाटली हातातच धरून उभी राहिली. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. नुसती विचारपूस नव्हती ती. मी फळ्याकडे बघितलं. तिथे अजून 'आपण' होतं.

खिडकीजवळचा पूल दिसायला ओबडधोबड होता. डिंक नाही, रंग नाही, बाकीच्यांच्या पुलांना होते तसे कागदी झेंडे नाहीत. चौघं त्याच्या चारी बाजूंना उभी होती आणि अजूनही एकमेकांकडे बघत नव्हती. शिपायाने वीट आणून दिली. वकिलाने ती दोन्ही हातांनी उचलली, पुलाच्या मधोमध धरली आणि हळूहळू सोडू लागली.

कुरकुर झाली. एका बाजूची पट्टी खाचेतून सरकायला लागली. मला काही कळायच्या आत पाहुणीच्या आईचा हात पुढे गेला. सवयीचा हात होता तो. नेमका ज्या पट्टीला आधार हवा होता, तिच्याकडेच निघाला होता.

"आई, थांब!"

हात थांबला.

"हात नको लावूस. आमचा आहे. आम्ही बघतो."

पाहुणीने हे आईकडे न बघताच म्हटलं. तिचं सगळं लक्ष पट्टीवर होतं. "ए, खालून दाब," ती टेकूवर खेकसली, आणि भुंग्याला, "तू नुसता उभा काय?" टेकूने खालून दाबलं, भुंग्याने सुतळीचा फास घातला, वकील वीट धरून "लवकर करा, हात गेले माझे" म्हणत राहिली. खाच खाचेत बसली. वीट टेकली. वकिलाने एक हात सोडला, मग दुसरा. पूल एका अंगाला कलला आणि राहिला.

तो किती वेळ राहिला असता सांगता येत नाही, कारण खुणा करायला मोठ्या बाई घाईघाईने पुढे आल्या, बाकाला धडकल्या आणि वीट, पूल, सगळं धाडकन जमिनीवर आलं. मग चौघं एकदम बोलायला लागली. पूल उभा राहिला होता, बाईंनी पाडला, हे धरायचं नाही, आम्ही पास आहोत. वकील बोलत होती आणि बाकीचे तिघं तिच्या मागे उभे राहून हो हो म्हणत होते. पाहुणी सगळ्यांत मोठ्याने. मोठ्या बाई तक्त्यात शोधत होत्या, पण तिथे यासाठी काही लक्षण नव्हतं.

पाहुणीच्या आईचा हात अजून तसाच अर्धवट पुढे होता. तिने तो सावकाश मागे घेतला, खिशात घातला, पेचकस हाताला लागला तसा पुन्हा बाहेर काढला. हात कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं.

मी तिच्याजवळ गेले. काय बोलणार होते ते तोवरही ठरलेलं नव्हतं. तिनेच सुरुवात केली.

"आमच्या घरात 'आम्ही' म्हटलं की ती नि मी," ती म्हणाली. "कोणी विचारलं कुठून आलात, की ती सांगते, आम्ही अमक्या गावाहून आलो. ती नि मी." ती हसायला गेली. "आज पहिल्यांदा मी त्यात नव्हते."

मी ज्या शब्दाला वर्गात बंदी घातली होती, त्या शब्दाने त्या बाईला तिचं उत्तर दिलं होतं. आनंदाचं होतं ते उत्तर. तिला हवं होतं तेच. तरी तिचे डोळे भरले होते, आणि तिला शाबास म्हणावं की सावरावं, मला समजेना. मी तिच्या दंडाला हात लावला.

खिडकीजवळून पाहुणी ओरडली, "आई, तू पुढे हो! आम्ही आवरून येतो!"

मी पाहुणीच्या आईबरोबर फाटकापर्यंत गेले. वाटेत ती म्हणाली, "ठेवते मग." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "ठेवते." फाटकाशी थांबून तिने मला विचारलं, "आपण बरोबर करतोय ना, बाई?"

या 'आपण'मध्ये कोण कोण होतं? ती एकटी? ती आणि तिची मुलगी? की मीसुद्धा? इतकी वर्षं हा शब्द शिकवते आणि तो माझ्यासमोर उभा राहिला तर मला त्याची माणसं मोजता येईनात. 'आपण बघू हो, काळजी करू नका,' असं माझ्या ओठांवर आलं होतं. असं म्हणतात, माणसं सर्रास म्हणतात. पण मला तो न आलेला डिंक आठवला. हो म्हणणारी चार तोंडं आठवली.

"बरोबर की चूक ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण मी बघेन तिच्याकडे. मी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग हातातली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

"तिला द्या. दिवसभर पाणी प्यायची आठवण राहत नाही तिला. सांगावं लागतं."

मी बाटली घेतली. ती वळली आणि चालू लागली, आणि मी वर्गात परत गेले. आत चौघं विटेवरून भांडत होती. ती शिपायाला परत कोणी नेऊन द्यायची, हे अजून ठरत नव्हतं.